चौकटीतला चिंटू आणि पडद्यावरचे साहस

(चिंचवड येथे पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मुलांना प्रिय असलेल्या चित्रकथेवरून सर्व कुटुंबाने एकत्र बसून पाहावा असा साहसपट कसा घडतो, हा आजचा विषय आहे. विषय करमणुकीचा वाटतो, आणि तो तसा आहेही. परंतु आपली मुले दिवसाचे किती तास पडद्यासमोर असतात आणि त्या पडद्यावरचे बालनायक कोणत्या भाषेत बोलतात, याचा विचार केला की हा विषय करमणुकीपुरता उरत नाही. आपल्या या परिसरात आई आणि वडील दोघेही कामावर जातात. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची दुसरी. मधल्या वेळात मुलाची सोबत कोण करते? बहुतेक घरांत त्याचे उत्तर डोरेमॉन, शिनचॅन किंवा छोटा भीम असे आहे. मराठी घरातले चार वर्षांचे मूल आईकडे पाणी मागताना सहज हिंदी वाक्य बोलून जाते, ते या सोबत्यांकडून शिकलेले असते. हिंदी आपलीच भाषा आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. प्रश्न इतकाच आहे की, या सोबत्यांच्या मेळ्यात मराठी बोलणारा एखादा मुलगा का असू नये?

असा मुलगा आपल्याकडे आहे. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी दैनिक 'सकाळ'मध्ये 'चिंटू' ही चित्रमालिका सुरू झाली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर हे तिचे जनक. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या किती घरांत त्या काळी वृत्तपत्र आले की मुले आधी चिंटूचे पान उघडत आणि मोठी माणसेही मुलांच्या खांद्यावरून तेच वाचत, हे इथे बसलेल्यांना मी वेगळे सांगायला नको. चिंटू, त्याचे आई-पप्पा, आजोबा, मित्र पप्पू, हुशार मिनी, राजू, बगळ्या, नेहा, छोटा सोनू, जोशीकाकू, कर्नलकाका. ही सगळी माणसे आपल्याच सोसायटीत राहतात असे वाटावे इतकी ओळखीची झाली. राजवाडा नाही, राक्षस नाही, अद्भुत शक्ती नाही. गृहपाठ, क्रिकेटचा चेंडू, पाहुण्यांसमोर म्हणायला लावलेली कविता आणि आईने लपवून ठेवलेला खाऊ, एवढ्या सामग्रीवर ही मालिका वर्षानुवर्षे उभी राहिली.

हे सामर्थ्य कशात होते, ते पाहू. दैनिकातल्या चित्रमालिकेला जागा असते तीन-चार चौकटींची. पहिल्या चौकटीत आई काही विचारते, दुसरीत चिंटू निरागसपणे उत्तर देतो, तिसरीत आईचा चेहरा. दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी असते तिथे काय घडले, ते चित्रकार काढत नाही; वाचक आपल्या मनाने भरतो. आईचा आवाज वाचकाच्या आईचा असतो, जिना वाचकाच्या इमारतीचा असतो. चित्रकथेवर वाचकाचे इतके प्रेम का बसते, याचे मर्म माझ्या मते इथे आहे. ती अर्धी त्याने स्वतः रचलेली असते.

चित्रपट काढणाऱ्यापुढची अडचण येथूनच सुरू होते. पडद्यावर कोरी पट्टी नसते. आवाज द्यावा लागतो, जिना दाखवावा लागतो, तीन चौकटींचा विनोद दोन तास ताणता येत नाही म्हणून कथानक रचावे लागते. आणि कौटुंबिक साहसपट म्हटला की संकट हवे, धावपळ हवी, खलपुरुष हवा. घरातल्या घरात रमणाऱ्या नायकाला घराबाहेर काढावे लागते. त्याला बाहेर काढले आणि तरी तो तोच राहिला, तर रूपांतर साधले म्हणायचे.

चिंटूच्या बाबतीत हा प्रयोग दोनदा झाला. श्रीरंग गोडबोले यांनी दिग्दर्शित केलेला 'चिंटू' २०१२ साली आला आणि पुढल्याच वर्षी, २०१३ मध्ये, 'चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा' आला. शुभंकर अत्रे चिंटू झाला, सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे त्याचे पप्पा व आई. पहिल्या चित्रपटात मुलांचे खेळाचे मैदान हातचे जाते आणि ते परत मिळवण्यासाठी सारी टोळी कंबर कसते. दुसऱ्यात साहस शिबिराला गेलेली मुले खजिन्याच्या शोधात गुंततात.

या दोन कथानकांत जो फरक आहे, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. खजिन्याची कथा जगातल्या कोणत्याही मुलांची होऊ शकते. मैदान जाण्याची कथा मात्र आपल्या शहरातल्या मुलांचीच आहे. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झालेल्या या गावाने मोकळी जागा कशी संपत जाते, ते डोळ्यांनी पाहिले आहे. भोसरी, आकुर्डी, चिखली, मोशी ही एकेकाळची शेतीची गावे. ज्या माळावर मुलांनी विटी-दांडू खेळला तिथे आधी कारखाना, मग त्याचे पूरक उद्योग, मग इमारती आल्या. त्यातून हजारोंना रोजगार मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मुलाच्या हिशेबी मैदान जाणे म्हणजे राज्य जाणे होय. चिंटूच्या जगाला साजेसे साहस ते हेच. त्यासाठी त्याला दूर कुठे न्यावे लागले नाही. जे त्याचे होते त्यावरच संकट आले.

जगात इतरत्र हा पेच कसा सोडवला गेला, तेही पाहावे. फ्रान्समध्ये रने गॉसिनी आणि आल्बेर युदेर्झो यांनी १९५९ मध्ये 'ॲस्टेरिक्स' सुरू केले. रोमन साम्राज्याला न जुमानणारे एक छोटे गाव, ही त्याची मूळ कल्पना. २०१४ मध्ये या मालिकेवर संगणकीय ॲनिमेशनचा चित्रपट निघाला. त्यासाठी निवडलेल्या कथेत रोमन लोक गावावर सैन्य पाठवून थकतात आणि मग गावाशेजारचे जंगल तोडून तिथे निवासी संकुल उभारतात. जे तलवारीने झाले नाही ते घरांच्या इमारतींनी होऊ घातले आहे, अशी ती गोष्ट. मोशी-चऱ्होलीच्या माणसाला ती वेगळी समजावून द्यावी लागणार नाही! साहस पुष्कळ आहे, हाणामारी आहे, पण ते सारे गाव वाचवण्यासाठी चाललेले आहे.

दुसरे उदाहरण आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. 'डोरेमॉन' ही मूळची जपानी चित्रकथा, १९६९ च्या अखेरीस सुरू झालेली. तिचे स्वरूप चिंटूसारखेच घरगुती. आळशी नोबिता, त्याची रागावणारी आई, गल्लीतला धटिंगण जियान, परीक्षेतले शून्य. १९८० मध्ये त्यावर पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला आणि तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी एक निघत आला आहे. गल्लीतली हीच मुले चित्रपटात डायनासोरच्या युगात जातात, समुद्राच्या तळाशी जातात. तिथे भित्रा नोबिता धीर धरतो आणि एरवी दांडगाई करणारा जियान मित्रासाठी जिवावर उदार होतो. चित्रपट संपला की सारे पुन्हा गल्लीत, पुन्हा गृहपाठ. ज्यांनी ही मालिका घडवली त्यांना एक गोष्ट उमगली होती. साहसात मुलाचा स्वभाव बदलायचा नसतो. रोजच्या जगण्यात दडून राहिलेला त्याचा दुसरा पैलू उजेडात आणायचा असतो.

तिसरे उदाहरण 'टिनटिन'चे. बेल्जियमचे चित्रकार एर्जे यांनी १९२९ मध्ये हा तरुण वार्ताहर कागदावर आणला. एर्जेंची रेषा स्वच्छ, सारख्या जाडीची. टिनटिनचे डोळे म्हणजे दोन ठिपके. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २०११ मध्ये त्याच्या तीन पुस्तकांतले धागे एकत्र करून चित्रपट काढला. अभिनेत्यांच्या हालचाली टिपून त्यावर संगणकाने पात्रे रचली. त्वचेवरची छिद्रे दिसावीत इतके काम बारीक झाले. वेग, विनोद, पाठलाग, सगळे उत्तम. तरीही जुन्या वाचकांत वाद झाला, कारण दोन ठिप्यांच्या डोळ्यांत ज्याने स्वतःला पाहिले होते, त्याला तो खराखुरा चेहरा परका वाटला. तंत्र किती वापरावे याला मूळ चित्राच्या स्वभावाची मर्यादा असते, हा त्यातला धडा.

आपल्याकडे चित्रकथा म्हटले की 'अमर चित्र कथा' आठवते. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ती सुरू केली. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची उत्तरे आली आणि श्रीरामाच्या आईचे नाव आले नाही, हे पाहून आपण या कामाला लागलो, अशी आठवण ते सांगत. या मालिकेला रूप देणाऱ्यांत राम वाईरकर होते, तसेच पुण्याचे प्रताप मुळीक आणि दिलीप कदम होते. देशभरातल्या मुलांनी आपले देव, ऋषी आणि वीर पाहिले ते मोठ्या प्रमाणात या मराठी चित्रकारांच्या हातून, ही अभिमानाची आणि बऱ्याच अंशी विस्मरणात गेलेली गोष्ट आहे. याच मालिकेतल्या लव-कुशांच्या कथेवर आधारलेला 'सन्स ऑफ राम' हा ॲनिमेशनपट २०१२ मध्ये पडद्यावर आला. तेव्हा नायक देवपुत्र असोत वा सोसायटीतला पोर, चित्रकथेकडून चित्रपटाकडे जाण्याची वाट आपल्याला अगदीच अपरिचित नाही.

खरे तर ती फार जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट काढला. आगपेटीतल्या काड्या पडद्यावर आपोआप हलत आणि आकृत्या करत. एक काडी थोडी सरकवायची, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, असे ते काम. २००५ मध्ये आलेल्या आणि प्रेक्षकांनी उचलून धरलेल्या 'हनुमान' या ॲनिमेशनपटाचे दिग्दर्शक व्ही. जी. सामंत हेही मराठीच. पुढे २०२५ मध्ये 'महावतार नरसिंह' या ॲनिमेशनपटाला देशभर जी गर्दी लोटली, तिने एक शंका कायमची मिटवली. भारतीय कुटुंब ॲनिमेशन पाहायला तिकीट काढून जात नाही, हे आता कुणी म्हणू नये.

मग मराठी घरगुती नायकाचा संपूर्ण ॲनिमेशनपट काढायला काय लागते? आपण उद्योगनगरीतले लोक आहोत, म्हणून उत्पादनाच्या भाषेत सांगतो. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. दीड तासाच्या चित्रपटाची होतात १ लाख २९ हजार ६००. हाताने काढताना एकच चित्र दोन चौकटी टिकवले तरी ६४ हजार ८०० चित्रे उरतात. संगणकावर पद्धत वेगळी. तिथे पात्र एकदाच त्रिमितीत घडवतात, त्याला आतून सांगाडा बसवतात आणि मग तो सांगाडा हलवतात. टूलरूममध्ये डाय करायला महिनोन्महिने लागतात, पण एकदा ती नेमकी झाली की भाग भराभर निघतात, तसेच हे. आणि डाय चुकली तर पुढचा प्रत्येक भाग चुकतो, तेही तसेच. या साऱ्याआधी जो स्टोरीबोर्ड करतात, म्हणजे चित्रपटाचा चित्रांतला आराखडा, तो ओळीने मांडलेल्या चौकटींचाच असतो. चित्रपटाचा पहिला मसुदा हीसुद्धा एक चित्रकथाच असते.

चाकणमध्ये गाडीच्या दाराचा भाग संगणकावर त्रिमितीत रेखणारे कुशल तरुण आहेत. त्यांना तेवढ्यावर ॲनिमेशन येईल असे मी म्हणत नाही. लोखंड रेखणे वेगळे आणि रुसलेल्या मुलाच्या भुवया रेखणे वेगळे. पण संगणकातल्या अवकाशात वावरण्याची सवय, मोजमापाची शिस्त आणि शंभर माणसांनी एका वस्तूवर टप्प्याटप्प्याने काम करण्याची रीत या पट्ट्याला ठाऊक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृक्-परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्यात 'कॉमिक्स' हा शब्द आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

पैशाचे काय, असे कुणीतरी विचारणारच. लॅटव्हिया हा उत्तर युरोपातला छोटा देश आहे. लोकसंख्या वीस लाखांहून कमी. आपल्या पिंपरी-चिंचवडची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या होती १७ लाख २७ हजार. म्हणजे तो देश आणि आपले शहर जवळपास एकाच मापाचे. त्या देशातल्या एका तरुण दिग्दर्शकाने फ्रान्स आणि बेल्जियममधील सहकाऱ्यांसह 'फ्लो' नावाचा ॲनिमेशनपट केला, तोही ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीवर. पुरात सापडलेल्या एका मांजराची ती कथा. २०२५ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. स्पीलबर्ग यांच्याइतका पैसा आपल्याकडे नाही, हे खरेच. पण तेवढा पैसा लागतोच, हे आता खरे राहिलेले नाही.

आता कथेचे काय? आपल्या परिसरात साहसाला जागा कमी नाही. ज्या चाकणला आज लोक मोटारींचे गाव म्हणून ओळखतात तिथे संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या अफाट फौजेसमोर फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर माणसांनिशी हा भुईकोट जवळपास दोन महिने झुंजवला. शेवटी भुयार खणून, सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला तेव्हा शत्रू आत आला. आज त्या किल्ल्याचे थोडेच अवशेष उरले आहेत आणि त्याजवळून कंटेनरच्या रांगा जातात. कल्पना करा, आजच्या काळातल्या पाच-सहा मुलांची टोळी, त्यातल्या एकाचे वडील कारखान्यात फोरमन, एकाचे बिहारहून आलेले वेल्डर, एकीची आई शाळेत शिक्षिका, आणि त्यांच्यासमोर हा पडका बुरूज. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा गर्दीत हरवलेले लहान मूल आणि त्याला शोधणारी ही टोळी, एवढ्यावरही एक साहसपट उभा राहील. त्यात खजिना नसला तरी चालेल.

बिहारच्या वेल्डरचा मुलगा मी सहज घातलेला नाही. या पट्ट्यात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे पोटासाठी आली. त्यांची मुले इथेच जन्मली, इथल्या शाळांत मराठी विषय शिकली. त्या मुलांना मराठी भेटते ती बहुधा गुणपत्रिकेत. भाषा अशी लादून आपली होत नसते. ती मित्राच्या तोंडून ऐकली की आपली होते. डोरेमॉनने कुणावरही सक्ती न करता आपल्या मुलांना हिंदी वाक्ये दिली. चिंटू किंवा त्याच्यासारखा दुसरा एखादा मराठी मुलगा पडद्यावरून हसत हसत बोलू लागला, तर भोसरीतल्या चाळीत तो सगळ्यांचाच मित्र होईल. भाषेच्या रक्षणाविषयी आपण सभा पुष्कळ घेतो, ठरावही करतो. चार वर्षांच्या मुलाला ठराव कळत नाही, मित्र कळतो.

शेवटी, आपल्या हातात काय आहे ते सांगून थांबतो. चित्रपट काढणे आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात नाही. पण चित्रकथा टिकल्या तर त्यांचे चित्रपट होतील, आणि चित्रकथा टिकतात वाचकांवर. वाढदिवसाला प्लॅस्टिकच्या खेळण्याऐवजी चिंटूच्या पुस्तिकांचा संच देता येईल. शाळेच्या ग्रंथालयात चित्रकथेला कमी प्रतीचे वाचन समजून कपाटाच्या खालच्या खणात टाकतात. शिक्षकांनी ती वरच्या खणात, मुलांच्या हाताशी आणावी. चित्रकलेच्या तासाला वहीच्या कोपऱ्यात पानोपान थोडा थोडा सरकणारा चेंडू काढायला सांगावा. पाने भराभर सोडली की चेंडू उसळतो. आगकाड्या सरकवताना फाळक्यांनी जे साधले त्याची पहिली ओळख मुलाला चाळीस पानी वहीत होते. आणि मराठी बालचित्रपट जेव्हा कधी लागेल तेव्हा पहिल्या आठवड्यात, पाळी बदलून का होईना, सर्व कुटुंबाने जाऊन तो पाहावा. एका आठवड्यात प्रेक्षक आला नाही की मराठी चित्रपटाचे खेळ उतरवले जातात. मग तो चांगला होता हे सांगण्यात अर्थ उरत नाही.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तीन-चार चौकटींत एक मराठी मुलगा जिवंत ठेवला. त्याला पडद्यावर नेण्याचे धाडस दोनदा झाले आहे. तिसऱ्यांदा ते संपूर्ण ॲनिमेशनच्या रूपात व्हावे आणि त्या वेळी चित्र हलवणारे काही हात आपल्या चिंचवड-चाकणचे असावेत, एवढी इच्छा आपल्यासमोर ठेवतो.